लहान विद्यापीठांतलं संशोधन : इतकं नानाविध कशामुळे?

अनुक्रमणिका (धागाकर्ती)

या विषयावर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मला लहान विद्यापीठांच्या वार्षिक संशोधन-याद्या वाचायला मनापासून आवडतात. मोठ्या विद्यापीठाची यादी विभागवार फोडलेली असते. आपण आपल्या विषयाचं पान उघडतो, चाळतो आणि निघतो. लहान ठिकाणी अशी फोड करण्याइतका मजकूरच नसतो, त्यामुळे वर्षभराचे निबंध, प्रबंध, पुस्तकं सगळं एकाखाली एक लावलेलं असतं. गोगलगायीच्या शंखावरच्या वाढीच्या रेषा, त्याखाली रात्रपाळीतल्या परिचारिकांची झोप, त्याखाली एका जुन्या मठाच्या हिशेबवह्या, मग अपूर्णांक शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात, काँक्रीटमधल्या बारीक भेगा, आणि शेवटी जेमतेम काही म्हातारी माणसं बोलतात अशा बोलीतले नातेवाचक शब्द. या तऱ्हेची यादी वाचली की विद्यापीठ म्हणजे काय ते मला समोर दिसतं.

एवढं वैविध्य तिथे येतं कुठून, यावर मी थोडा विचार केला आहे. माझ्या मते त्याचं मूळ संशोधनाच्या धोरणात नाही, वेळापत्रकात आहे. इतिहास विभागात चार-पाचच शिक्षक असतील तर त्यांना प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत सगळं शिकवावं लागतं. मग एकाच शतकावर काम करणारी तीन माणसं घेणं विभागाला परवडत नाही. कुणी निवृत्त झालं की जागा भरताना 'आपल्याकडे काय नाही' हा प्रश्न आधी येतो. रसायनात तेच, भाषाशास्त्रात तेच. अशा प्रकारे प्रत्येक जागेवर वेगळ्या वाटेचा माणूस येऊन बसतो, आणि शिकवून उरलेल्या वेळात जो तो आपापल्या वाटेने जातो.

मोठ्या ठिकाणी उलटं घडतं. एखाद्या विषयात चार नामवंत असले की पाचवा तिथेच यायला बघतो, प्रयोगशाळा वाढते, अनुदान येतं, आणखी विद्यार्थी येतात. त्यातून खोली येते हे खरंच आहे. पण विद्यापीठ त्या चार-सहा गोष्टींसाठीच ओळखलं जाऊ लागतं.

मला हे वैविध्य मोलाचं वाटतं आणि ते जपलं जावं असंही वाटतं. तुम्ही अशा ठिकाणी शिकला असाल, शिकवत असाल, तिथलं एखादं काम तुम्हाला माहीत असेल, तर सविस्तर लिहा. विरोधी मतंही हवी आहेत.

---

गणिती_मी

धागा आवडला, पण विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो.

तुम्ही ज्याला वैविध्य म्हणता त्याची दुसरी बाजू एकटेपणा आहे. मी अशाच एका लहान विभागात प्रबंध लिहिला. माझ्या उपविषयातला दुसरा माणूस तिथे नव्हता. गाईड होते, पण त्यांचं क्षेत्र शेजारचं. एखादी सिद्धता लिहून झाली की ती पाहून 'ही पायरी पुन्हा तपास' असं म्हणणारं कुणी तरी लागतं. मोठ्या विभागात ते काम आठवड्याच्या सेमिनारमध्ये आपोआप होतं. चहाच्या टेबलावर कुणी सहज विचारतं, 'हे अनंत-मितीत चालेल का?' आणि तुमचे दोन महिने वाचतात. लहान ठिकाणी ते दोन महिने जातात.

शिवाय उपकरणं आणि नियतकालिकं. गणितवाल्याला फळा पुरतो, पण रसायन किंवा जीवशास्त्रवाल्याला नाही. आणि शिकवण्याचा भार! एका माणसाने चार वेगळे अभ्यासक्रम शिकवायचे, त्यांचे पेपर तपासायचे, प्रवेशाच्या समितीवर बसायचं आणि वर संशोधनही करायचं. यादीत विषय पुष्कळ दिसतात, पण त्यातल्या किती विषयांवर त्याच व्यक्तीचं पुढचं काम दिसतं ते बघा. वैविध्य आणि विखुरलेपण यांत फरक करायला हवा.

---

दूरबीन

गणिती_मी, मुद्दा रास्त आहे. पण एकटेपणाचं म्हणाल तर येना विद्यापीठाची आठवण काढावीच लागेल. तुमच्याच विषयातलं उदाहरण आहे.

जर्मनीतलं येना एकोणिसाव्या शतकात लहान गाव होतं आणि बर्लिन-लाइपझिगच्या मानाने विद्यापीठही लहानच. तिथे गॉटलोब फ्रेगे गणित शिकवत होता. १८७९ साली त्याने शंभर पानांचंही नसलेलं एक पुस्तक काढलं, 'बेग्रिफ्सश्रिफ्ट'. 'सर्व' आणि 'काही' या शब्दांचं तर्कशास्त्र चिन्हांत कसं बांधायचं, हे त्यात पहिल्यांदा नीट मांडलेलं आहे. आजचं गणिती तर्कशास्त्र त्यावर उभं आहे. तेव्हा मात्र त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. त्याची चिन्हं पानावर आडवी-उभी पसरायची, जुळाऱ्यांना त्रास आणि वाचणाऱ्यांनाही.

पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला रुडॉल्फ कार्नाप १९१० नंतर येनात विद्यार्थी होता. त्याने पुढे आठवण लिहून ठेवली आहे. फ्रेगेच्या पुढच्या अभ्यासक्रमाला वर्गात तिघं जण: कार्नाप, त्याचा एक मित्र आणि हौसेने नवं गणित शिकायला येणारे एक निवृत्त लष्करी मेजर. फ्रेगे वर्गाकडे क्वचितच बघायचा. विद्यार्थ्यांना दिसायची ती त्याची पाठ, आणि फळ्यावर उमटत जाणाऱ्या त्या विचित्र आकृत्या. तीन विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम चालू ठेवणारं विद्यापीठ मला फार मोठं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. फ्रेगेला तिथे कुणीच नव्हतं का? एर्न्स्ट आबे होता. आबे भौतिकीतला. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांचा सिद्धांत त्याचा, आणि कार्ल त्साइसच्या कारखान्याला शास्त्रीय पाया घालून देणाराही तोच. फ्रेगे विद्यार्थी असताना आबेच्या व्याख्यानांना बसला होता. पुढे फ्रेगेच्या बढतीसाठी आबेने वजन खर्च केलं. आबेने १८८९ साली त्साइस प्रतिष्ठान उभं केलं, त्यातून विद्यापीठाला पैसा मिळू लागला, आणि १८९६ साली फ्रेगेला मिळालेलं मानद प्राध्यापकपद त्या पैशामुळेच शक्य झालं. म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांनी तर्कशास्त्र पोसलं. त्याच गावात त्याच काळात हेकेल प्राणिशास्त्र शिकवत होता आणि समुद्रातल्या एकपेशीय जीवांची अप्रतिम चित्रं काढत होता. ऑटो शॉट काचेचे नवे प्रकार बनवत होता.

फ्रेगेच्या सिद्धता तपासायला येनात कुणी नव्हतं, हे मी मान्य करतो. त्याच्या पद्धतीतली विसंगती बर्ट्रंड रसेलने १९०२ साली पत्रातून कळवली. शेजारच्या खोलीतून कुणी ती दाखवू शकलं नाही. पण आबेला त्या सिद्धतांची पायरी न् पायरी कळत नसेल तरी हा माणूस काही तरी महत्त्वाचं करतोय एवढं कळत होतं. लहान ठिकाणी परक्या विषयातल्या माणसाची अशी पारख करता येते, कारण तो रोज समोर असतो.

---

सांजदिवा

दूरबीन, तो निवृत्त मेजर मनात घर करून राहिला. त्याचं नाव कुठे सापडतं का?

---

दूरबीन

कार्नापने नाव दिलेलं नाही, नुसतं 'मेजर' म्हटलंय.

---

ओलावा

मी आरोग्यक्षेत्रात आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचं उदाहरण देते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं.

हे विद्यापीठ १९६८ साली ठरलं आणि १९७२ साली सुरू झालं, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. सुरुवातीला अगदी लहान. आता ते बरंच वाढलं आहे, पण त्याच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतले विषय बघण्यासारखे आहेत. ध्रुवीय प्रकाशाची वेधशाळा तिथे आधीपासून होती, ती विद्यापीठात आली. मच्छीमारी हा तिथला जीवनाधार, म्हणून मत्स्यव्यवसायाचं शास्त्र आणि अर्थकारण. सामी लोक तिथले मूळ रहिवासी, म्हणून सामी भाषा आणि समाज. आणि वैद्यकीय शाखा, कारण उत्तरेकडे डॉक्टर टिकत नव्हते. तिथेच शिकलेले तिथे राहतील असा विचार होता.

वैद्यकीय शाखेसमोर एक प्रश्न उघडा पडला होता. त्या भागातले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. म्हणून १९७४ साली गावातल्या पुरुषांची पाहणी सुरू झाली, आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये स्त्रियाही आल्या. तोच 'ट्रॉम्सो अभ्यास' अजून चालू आहे.

त्यातला एक निष्कर्ष मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १९८३ साली त्यांनी साडेचौदा हजारांवर माणसांची माहिती मांडून दाखवलं की जितकी कॉफी जास्त, तितकं रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त. दुसरीकडच्या पुष्कळ पाहण्यांत असं काही दिसत नव्हतं, त्यामुळे यावर बराच वाद झाला. मग लक्षात आलं की फरक बनवण्याच्या पद्धतीत आहे. तिथे कॉफीची भरड पूड थेट पाण्यात उकळून, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून घेत. इतर ठिकाणी कागदी गाळणी वापरली जायची. नंतर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यामागचं द्रव्य शोधलं. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि कागदी गाळणी ते अडवून धरते.

या पाहणीला बड्या प्रयोगशाळेपेक्षा लोकांचा विश्वास जास्त लागला. गावाने वर्षानुवर्षं रक्त द्यायला आणि प्रश्नावल्या भरायला यायचं, आणि विद्यापीठाने ती सगळी नोंद जपायची. आपल्याच गावच्या विद्यापीठाने बोलावलं तर माणसं येतात. गणिती_मी, तुम्ही विखुरलेपण म्हणालात. ट्रॉम्सोमध्ये ध्रुवीय प्रकाश, मासे, सामी व्याकरण आणि हृदयविकार हे विषय एकमेकांपासून कितीही लांब असले तरी त्यांचं मूळ त्या एका जागेत आहे. सामी भाषांसाठी शुद्धलेखन तपासणारी साधनंही तिथूनच निघाली. दुसरं कुठलं विद्यापीठ ते करायला बसलं असतं?

---

गणिती_मी

दूरबीन, ओलावा, दोघांचेही प्रतिसाद सुंदर. ट्रॉम्सोचं मला माहीत नव्हतं.

तरी एक शंका राहते. आपण निवडून निवडून यशस्वी उदाहरणं घेतोय. एका फ्रेगेमागे तितक्याच एकाकी, पण पुढे काहीच न निघालेल्या किती माणसांचं काम कपाटात पडून आहे? आणि 'लहान' या शब्दात आपण बरंच काही कोंबतोय. अमेरिकेतलं कॅल्टेक विद्यापीठसुद्धा लहान आहे, पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास. पण नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ते चालवतात. तिथलं लहानपण जाणूनबुजून निवडलेलं आणि भरपूर पैशावर उभं आहे. धाग्याचा विषय ते नसावं असं मी धरून चालतो. शिकवण्याच्या ओझ्याखालच्या साध्या विद्यापीठाबद्दल बोलत असू, तर तिथलं सरासरी काम कसं असतं तेही बोललं पाहिजे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची सांगतो. २०१९ साली 'नेचर'मध्ये साडेसहा कोटींहून अधिक शोधनिबंध, पेटंट आणि सॉफ्टवेअर प्रकल्प तपासणारा एक अभ्यास आला होता. मोठे गट आधीच्याच कल्पना पुढे नेतात आणि लहान गट चालत आलेली वाट मोडून नवी काढण्याची शक्यता जास्त, असा त्याचा निष्कर्ष. गट म्हणजे विद्यापीठ नव्हे, हे लक्षात ठेवूनच हा दाखला घ्यावा.

---

पोथीघर

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो, आणि ते सरासरी काम रोज माझ्या हातातून जातं. म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध चढवण्याआधी मी प्रत्येकाची पानं तपासतो. पहिली तीन प्रकरणं पुष्कळदा एकसारखी वाटतात. आधीच्या संशोधनाचा आढावा, पद्धती, मर्यादा. पण शेवटी परिशिष्टं असतात. एका प्रबंधात दीडशे विहिरींच्या पाण्याची महिन्या-महिन्याची पातळी. दुसऱ्यात विणकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती, जशा बोलल्या तशा उतरवलेल्या, मधले उसासे आणि थांबे धरून. तिसऱ्यात एका बोलीतला शब्दसंग्रह, प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचं वय. या प्रबंधांचे निष्कर्ष कुणी उद्धृत करेल न करेल. ती परिशिष्टं दुसरीकडे कुठेही नाहीत. विहीर बुजते, सांगणारी माणसं जातात, मग तेवढीच नोंद उरते. 'पुढे काहीच निघालं नाही' असं म्हणताना, गणिती_मी, ही नोंद हिशेबात धरा अशी विनंती आहे.

आता रँकिंगबद्दल, कारण कुणी तरी तो विषय काढेलच. जगातल्या विद्यापीठांची शांघाय क्रमवारी २००३ साली सुरू झाली. तिचे निकष उघड आहेत. नोबेल किंवा फील्ड्स पदक मिळवलेले शिक्षक, असे माजी विद्यार्थी, सर्वाधिक उद्धृत होणारे संशोधक, 'नेचर' आणि 'सायन्स'मधले निबंध, एकूण निबंधांची संख्या, आणि शेवटी माणशी कामगिरी. माणशी कामगिरीला वजन दहा टक्के. बाकी जवळपास सगळं एकूण बेरजेवर. म्हणजे दोन बरी विद्यापीठं उद्या एकत्र केली, कुणी एकही जास्तीची ओळ लिहिली नाही, तरी क्रमांक वर जाणार. शिवाय निबंधांची संख्या विज्ञान आणि समाजविज्ञानाच्या सूचींतून मोजतात, मानव्यविद्यांच्या सूचीतून नाही. दहा वर्षं खपून कुणी मध्ययुगीन हिशेबवह्यांवर ग्रंथ लिहिला तर त्या रकान्यात तो शून्य धरला जातो.

निबंध किती वेळा उद्धृत झाला यावरून विषयांची तुलना करणं तर फारच अन्यायाचं आहे. २०१५ साली संशोधन-मूल्यमापनातल्या जाणकारांनी लायडन जाहीरनामा काढला, त्यात दहा तत्त्वं आहेत. त्यांनी दिलेलं उदाहरण असं, की गणितातल्या सर्वोत्तम नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातले निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात याचा आकडा) तीनच्या आसपास असतो आणि पेशीविज्ञानातल्यांचा तीसच्या आसपास. गणितवाला पेशीविज्ञानवाल्याच्या एक-दशांश लायकीचा आहे असा त्याचा अर्थ कुणी लावणार नाही. पण लहान विद्यापीठात सगळे विषय एकाच तक्त्यात येतात आणि बैठकीत नेमका तोच अर्थ लावला जातो. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या, हे त्याच जाहीरनाम्यातलं एक तत्त्व आहे. मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं.

एका विषयाला अनुदान जास्त आणि दुसऱ्याला कमी, हे समजू शकतो. पण आकडा लहान म्हणून विभागच बंद करायचा, हे पाहिलं की जीव तुटतो. विभाग गेला की त्याची नियतकालिकं बंद होतात, मग पुस्तकांची खरेदी, आणि काही वर्षांनी त्या विषयातला प्रश्न विचारणारा विद्यार्थीही येईनासा होतो.

---

रानवाटा

पोथीघर, परिशिष्टांबद्दलचं अगदी पटलं.

विभाग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असले की काय होतं, त्यासाठी इंग्लंडमधल्या लेस्टरचं उदाहरण देतो. १९५७ साली विद्यापीठाचा दर्जा मिळालेलं, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मानाने अगदी धाकटं. तिथे १९४८ सालीच स्थानिक इतिहासासाठी स्वतंत्र विभाग निघाला होता. गावं, शेतांच्या हद्दी, कुंपणं, जुन्या वाटा यांचा अभ्यास. तेव्हा हे विषय इतिहासाच्या मुख्य प्रवाहात कुणी फारसे धरत नसत.

तिथल्याच जनुकशास्त्र विभागात ॲलेक जेफ्रीज काम करत होते. त्यांच्या गटाने सीलच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचं जनुक अभ्यासायला घेतलं. मग माणसातलं तेच जनुक पाहिलं, तर त्यात पुन्हा पुन्हा येणारा एक छोटा तुकडा सापडला. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी त्यांनी क्ष-किरण फिल्म धुऊन बाहेर काढली. तिच्यावर एका कुटुंबातल्या माणसांचे आणि काही प्राण्यांचे डीएनए शेजारी शेजारी होते, तंबाखूच्या झाडाचाही होता. प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या, आणि अपत्याच्या पट्ट्या आई-वडिलांमध्ये वाटलेल्या दिसत होत्या. डीएनए ठशांचं तंत्र तिथून सुरू झालं. पहिल्यांदा ते कामी आलं ते १९८५ साली, स्थलांतराच्या एका प्रकरणात मुलगा खरंच त्या आईचा आहे हे दाखवण्यासाठी. खुनाचे तपास त्यानंतरचे.

पुढे २०१२ साली त्याच विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी शहरातल्या एका वाहनतळाखाली उत्खनन केलं आणि तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. १४८५ साली लढाईत मारला गेलेला राजा. पण हा तोच, हे सिद्ध करायला एकटं पुरातत्त्व पुरेसं नव्हतं. वंशावळीवाल्यांनी रिचर्डच्या बहिणीच्या मातृवंशातली आजची माणसं शोधली, जनुकशास्त्रज्ञांनी फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळवला, हाडांचं वय काढलं, कवटीवरच्या जखमांच्या त्रिमिती प्रतिमा तपासल्या, जुनी कागदपत्रं वाचली. ४ फेब्रुवारी २०१३ ला निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा व्यासपीठावर एका विषयाची माणसं नव्हती. गावच्या जुन्या वाटांचा इतिहास आणि सीलचं जनुक यांचा आपसांत काय संबंध, असं १९८४ साली कुणी विचारलं असतं तर कोण काय उत्तर देणार होतं?

---

कण_कण

एकाच माणसात इतकं वैविध्य असू शकतं, याचं उदाहरण डार्सी थॉम्पसन. स्कॉटलंडमधल्या डंडीचं युनिव्हर्सिटी कॉलेज १८८१ साली निघालं आणि १८८४ साली चोविशीतले थॉम्पसन तिथे शिकवायला आले. जीवशास्त्राचे प्राध्यापक. पण १८९५ साली त्यांनी प्राचीन ग्रीक साहित्यातल्या पक्ष्यांच्या नावांचा कोश काढला, मधल्या काळात बेरिंग समुद्रातल्या सीलच्या शिकारीची चौकशी करायला गेले, १९१० साली ॲरिस्टॉटलचा प्राण्यांवरचा ग्रंथ भाषांतरित केला, आणि १९१७ साली सजीवांच्या आकारांमागचं गणित मांडणारा तो जाडजूड ग्रंथ. एका माशाच्या आकृतीवर चौकटीची जाळी काढायची, ती जाळी तिरपी ओढली की दुसऱ्या जातीचा मासा तयार होतो, ही त्यातली चित्रं ज्याने पाहिली तो विसरत नाही. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगच्या, सजीवांतले आकार कसे घडतात यावरच्या १९५२ सालच्या निबंधाला याच ग्रंथाचा आधार आहे.

मोठ्या ठिकाणी त्यांना 'तुम्ही नेमके कुठल्या विभागाचे' असं विचारलं गेलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

---

सांजदिवा

रसायनशास्त्रज्ञ केकुलेही आठवला. जर्मनीतल्या गीसनच्या लहान विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला गेला होता. तिथे लीबिगची रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकली आणि विषयच बदलला. पुढे बेंझीनची रचना त्यानेच सांगितली. खुद्द लीबिग १८२४ साली तिथे आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि प्रयोगशाळा मिळाली ती सैनिकांच्या रिकाम्या पहारेघरात.

---

नवी_पालवी

सगळे प्रतिसाद वाचून काढले. मला एक सल्ला हवा आहे. एका लहान विद्यापीठात पीएच.डी.साठी जागा मिळते आहे. विषय माझ्या आवडीचा आहे, गाईड चांगल्या वाटल्या, पण विभागात त्या विषयावर काम करणारं दुसरं कुणीच नाही. गणिती_मी यांनी लिहिलं त्याचीच भीती वाटते. घ्यावी का?

---

गणिती_मी

नवी_पालवी, मी वर लिहिलं ते वाचून घाबरू नका. एवढं मात्र नक्की बघा.

गाईडचा बाहेर कुणाशी संपर्क आहे ते विचारा. त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यापीठातले सहगाईड मिळाले होते का, परिषदांना पाठवलं गेलं का, दूरच्या सेमिनारला ऑनलाइन बसू देतात का. फ्रेगेला जे पत्राने मिळालं ते आज कॉलवर मिळतं, पण कुणी तरी दार उघडून द्यावं लागतं. आजी विद्यार्थ्यांशी गाईडच्या गैरहजेरीत बोला. लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत येतं, हा एकच प्रश्न विचारलात तरी बरंच कळेल.

शिकवण्याचं ओझं किती पडणार ते लेखी घ्या. लहान विभागात शिक्षक कमी असतात आणि तास संशोधक विद्यार्थ्यांच्या अंगावर येतात. थोडं शिकवणं फार उपयोगी असतं. मला माझ्या विषयातल्या दोन-तीन गोष्टी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतानाच नीट कळल्या. पण त्याला मर्यादा हवी.

आणि शेजारच्या विभागांत जा. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण भूगर्भशास्त्रातल्या एका बाईंनी विचारलेल्या प्रश्नातून निघालं. खडकातल्या फटींमधून पाणी कसं झिरपतं याचं प्रारूप त्यांना हवं होतं, आणि ते माझ्या समीकरणांत बसत होतं. मोठ्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राची इमारत मला सापडलीही नसती. हे मी पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवं होतं असं नाही, पण तुमच्या प्रश्नामुळे आठवलं.

---

पोथीघर

नवी_पालवी, माझ्याकडून जोड. त्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत जाऊन तुमच्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे मागचे प्रबंध उघडा. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर ऋणनिर्देश आणि परिशिष्टं वाचा. ऋणनिर्देशात कोणाकोणाची नावं येतात त्यावरून गाईडचा गोतावळा कळतो. परिशिष्टावरून त्या विभागात विदा किती काळजीने गोळा करतात ते कळतं. आणि प्रवेश घेतलात तर पहिल्याच आठवड्यात ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख-क्रमांक काढून ठेवा, सोळा आकडी असतो, फुकट मिळतो. एकाच नावाचे दहा संशोधक असतात, नंतर निस्तरणं जिकिरीचं होतं. ग्रंथालयात येऊन ओळखही करून द्या. लहान ठिकाणी तुम्हाला काय लागतं ते आम्ही लक्षात ठेवतो आणि नवं काही आलं की आपणहून कळवतो.

---

अनुक्रमणिका

धाग्याला इतके भरभरून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

गणिती_मी, वैविध्य आणि विखुरलेपण हा फरक मला मान्य आहे. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की तो फरक यादीवरून ठरवता येत नाही. ट्रॉम्सोची १९७५ ची यादी हातात घेतली असती तर ती विखुरलेलीच वाटली असती. थोडी वर्षं जाऊ द्यावी लागतात, आणि तोवर त्या माणसांना तिथे राहू द्यावं लागतं.

पोथीघर, एक विनंती. परिशिष्टांतली सामग्री वेगळी शोधता येईल अशी सूची तुमच्याकडे करता येते का? प्रबंधाच्या शीर्षकात 'विहिरींची पातळी' हे शब्द नसतील तर दुसऱ्या कुणाला ती माहिती सापडणार कशी?

---

पोथीघर

करता येते, आणि सुरुवात केली आहे. प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत परिशिष्टासाठी वेगळा रकाना ठेवला: कशाची माहिती, कुठली, कोणत्या वर्षांतली, कोणत्या स्वरूपात. जुने प्रबंध कागदावरच आहेत, ते एकेक उघडून बघावे लागतात, त्यामुळे काम सावकाश चाललंय. मुलाखतींच्या बाबतीत सांगणाऱ्यांची परवानगी होती का तेही तपासतो. ती स्पष्ट नसेल तर फक्त नोंद खुली ठेवतो, मजकूर नाही. नोंदीचा नमुना इथे चढवतो, इतर ग्रंथालयांतलं कुणी वाचत असेल तर जरूर सुधारणा सुचवा.